सपाट जागेने केलेला घात: ओवळ्यातल्या एका कॅरॅव्हॅनचं प्रकरण

तक्रार आली ती फ्रिजची. ठाण्यातल्या ओवळ्याजवळ, घोडबंदर रस्ता सोडून डोंगराच्या बाजूला आत गेलं की अजून काही वाड्या उरल्या आहेत. अशाच एका वाडीत नौपाड्यातल्या एका कुटुंबाने त्यांची टूरिंग कॅरॅव्हॅन मेअखेरीस आणून उभी केली होती. म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, एका आसाचं, दोन चाकांचं. शनिवार-रविवार तिथे जाऊन राहायचं आणि पाऊस सरला की कोकणात फिरायला न्यायची असा बेत. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर फ्रिज गार होईना. मासेमारी बंदीच्या आधी घेऊन ठेवलेली सुरमई टाकून द्यावी लागली, तेव्हा काकूंनी फोन केला. त्याआधी जवळचा एक फ्रिजवाला येऊन ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ असं सांगून गेला होता.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये अशा गाड्यांची कामं येतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर हौशी मंडळी वाढली. गाडी घेताना लोक पलंग किती मोठा, एसी आहे का, संडास कसला, हे सगळं खोदून विचारतात. उभी कुठे आणि कशी करायची हे क्वचितच कुणी विचारतं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण या कुटुंबाने लेव्हल केली नव्हती असं झालेलं नाही. त्यांनी लेव्हल नीट केली होती, तरीही हे झालं.

फ्रिजपासूनच सुरुवात करतो. गाडीत बसवलेला फ्रिज घरातल्यासारखा कॉम्प्रेसरचा नव्हता, तीन तऱ्हेने चालणारा होता: बारा व्होल्ट, २३० व्होल्ट किंवा एलपीजी. या जातीच्या फ्रिजमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये तो शोधला. मागच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. खाली हीटर किंवा ज्योत लागते, त्या उष्णतेने पाण्यातला अमोनिया वेगळा होऊन वर चढतो, वर गार होऊन त्याचा द्रव होतो, आतल्या नळीत त्याची वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढली जाते, आणि मग पाण्यात मिसळून तो पुन्हा खाली येतो. खाली येण्याचं हे काम निव्वळ उतारावर चालतं. नळ्यांना कारखान्यातच अगदी हलका ढाळ दिलेला असतो. गाडी कलली की तो ढाळ मोडतो, द्रव मध्येच साचून राहतो आणि खालच्या भांड्याकडे पुरेसा परत येत नाही. हीटर मात्र चालूच. भांडं प्रमाणाबाहेर तापतं, नळ्या गंजू नयेत म्हणून द्रवात घातलेलं रसायन कडक होऊन आतल्या बारीक नळीत बसतं. हे नुकसान प्रत्येक वेळी थोडं थोडं साठत जातं आणि नंतर भरून निघत नाही.

किती कल चालतो हे मॉडेलवर असतं. बऱ्याच फ्रिजना तीन अंशांपर्यंत चालतं, काहींना एखाद्या दिशेने सहापर्यंत. हायवेवर गाडी इकडेतिकडे डुलते तेव्हा त्रास होत नाही, कारण द्रव एका जागी साचायला वेळच मिळत नाही. उभ्या गाडीतला, तासन् तास तसाच राहिलेला कल मारक ठरतो. आणि ‘गॅस भरणं’ हा प्रकार या फ्रिजला लागूच नाही. नळ्या वेल्डिंगने बंद असतात. कुणी भरून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

म्हणून मी पोचल्यावर फ्रिज उघडलाच नाही. आधी तो बंद करायला सांगितलं आणि बाथरूममध्ये एक तांब्याभर पाणी ओतलं. शॉवरच्या ट्रेमधलं पाणी जाळीकडे न जाता समोरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं.

‘पण लेव्हल बरोबर आहे,’ मुलगा म्हणाला. ‘मी काल संध्याकाळीच बघितली.’ त्याने मोबाइल काढून ओट्यावर ठेवला. स्क्रीनवर शून्य पूर्णांक काहीतरी.

मोबाइलबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण हल्ली सगळे हेच करतात. फोन पालथा ठेवता येत नाही, उताणा ठेवला की पाठीवरचा कॅमेऱ्याचा उंचवटा खाली येतो. अडीच मिलिमीटरचा उंचवटा आणि पंधरा सेंटिमीटरचा फोन, म्हणजे जवळजवळ एक अंशाची चूक तिथेच पदरात पडली. कव्हर असेल तर कमी, नसेल तर पूर्ण. शिवाय ओटा चासीला समांतर असेलच असं नाही. सुताराने तो भिंतीला बसवलेला असतो, आसाला नव्हे. लेव्हल बघायची ती दारातून आत शिरल्याबरोबरच्या फरशीवर, शक्य तितकी आसाच्या जवळ. साधी गवंड्याची लेव्हल बॉटल पुरते. एकदा ठेवून बघायचं, मग तीच टोकं अदलाबदल करून पुन्हा. बुडबुडा दोन्ही वेळा गाडीच्या एकाच बाजूला सरकला तर जमीन तिरकी, दोन वेळा दोन बाजूंना सरकला तर बॉटलच तिरकी.

शेजारच्या प्लॉटवर कुंपणाच्या भिंतीचं काम चाललं होतं. तिथल्या मेस्त्रींना विनंती केली. ते पारदर्शक नळी घेऊन आले, पाणी भरलं, दोन्ही टोकांतली हवा झटकून काढली. इतकी जुनी पद्धत, पण तिला बॅटरी लागत नाही आणि ती खोटं बोलत नाही. दोन्ही बाजूंच्या चासीवर, आसाच्या रेषेत खूण केली: खाडीकडची बाजू डोंगराकडच्या बाजूपेक्षा सात सेंटिमीटर खाली. चाकांमधलं अंतर एक मीटर नव्वद, त्यामुळे प्रत्येक अंशाला साधारण ३३ मिलिमीटर पडतात. सात सेंटिमीटर म्हणजे दोन अंशांच्या थोडं वर. मग लांबीत नळी लावली. साडेचार मीटरमध्ये नाकाकडचं, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या बाजूचं टोक सोळा सेंटिमीटर खाली, तेही दोन अंश. आडवा आणि उभा कल मिळून खरा कल एका तिरक्या दिशेने जवळपास तीन अंश झाला होता. फ्रिजवरच्या पट्टीवर मर्यादा तीनचीच लिहिली होती.

मग मुलाने काल काय बघितलं? त्याला पावसानंतर गाडी कललेली जाणवली होती. त्याने चारही कोपऱ्यांतले टेकू फिरवायचा पाना घेतला आणि खाडीकडचा मागचा टेकू फोनवर शून्य येईपर्यंत पिळत नेला. रात्रीतून टेकूचा पाय चिखलात खिळ्यासारखा रुतला, मिळवलेली उंची गेली. चासीला मात्र त्या कोपऱ्यात ताण बसला होता. काकू म्हणाल्या, ‘सकाळपासून दार घासतंय, पावसाने फुगलं असेल.’ दार अॅल्युमिनियमचं. ते फुगत नाही. टेकू सैल केल्याबरोबर दार पहिल्यासारखं लागलं.

हे टेकू जॅक नसतात. माणसं आत चालताना गाडी हलू नये एवढ्यासाठी ते असतात. जमिनीला टेकले, थोडे घट्ट झाले की थांबायचं. गाडीचं वजन आसाने आणि नाकाकडच्या लहान चाकानेच पेलायचं असतं. टेकूंनी उचलायचा प्रयत्न केला की हलकी चासी पिळवटते, खिडक्यांची रबरं सुटतात, थर दिलेली फरशी उसवायला लागते. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो रागावला नाही, उलट म्हणाला, ‘मग त्यांना हँडल कशाला दिलंय?’ प्रश्न रास्त आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मे महिन्यात गाडी उभी केली तेव्हा काकांनी सगळं क्रमाने केलं होतं. गाडी जोडलेली असतानाच आधी आडवी लेव्हल, मग हँडब्रेक, चाकांना उट्या (चाक सरकू नये म्हणून लावायचे ठोकळे), मग जोड सोडून नाकाकडचं चाक फिरवून उभी लेव्हल, शेवटी टेकू. हाच क्रम बरोबर. नाकाकडचं चाक फक्त पुढेमागे उंची देऊ शकतं, आडव्या कलाला त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून आडवं काम आधी उरकायचं. जागेचा आडवा फरक तेव्हा जेमतेम दोन सेंटिमीटर होता. एक फळी घातली आणि बुडबुडा मधोमध. काका निवृत्तीपूर्वी बँकेत होते, त्यांनी तारीखवार वहीत लिहून ठेवलं होतं. वही बघून मी मानलं.

मग मी त्यांना विचारलं, ‘काका, वर जागा होती ना, आंब्याखाली. इथे का लावली?’

‘ती तिरकी आहे हो. ही बघा कशी छान सपाट.’

ओवळ्याचा हा सगळा पट्टा डोंगराकडून खाडीकडे उतरतो. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हासची खाडी. अशा ठिकाणी आपोआप सपाट असलेली जागा दिसली की ती सपाट कुणी केली हे आधी विचारायचं. वाडी राखणारे स्थानिक गृहस्थ बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, ‘इथं सगलं खाचर होतं आमचं. हा बांध. याच्या खालती भात लावायचो.’ त्यांनी पायाने दाखवलं, तर गवतात एक लांबट उंचवटा, कॅरॅव्हॅनच्या बरोबर खालून गेलेला. डोंगराकडचं चाक जुन्या बांधाच्या वरच्या अंगाला, मूळच्या मुरमावर. खाडीकडचं चाक आणि नाकाकडचं लहान चाक खाचरावर टाकलेल्या भरावात. भराव बाहेरून आणलेल्या मातीचा, ट्रकने ओतून वरून जेसीबीने सपाट केलेला. थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेला नव्हे.

असा सैल भराव कोरडा असताना कडक वाटतो. मे महिन्यात त्यावर ट्रक उभा केला तरी उमटत नाही. पहिल्यांदा पाणी मुरलं की मातीच्या ढेकळांमधली पकड सुटते आणि तो स्वतःच्याच वजनाने बसतो. वर चाक असेल तर चाकासकट. पाया घेणारी माणसं हे जाणतात, म्हणून भरावाला एक पावसाळा खाऊ देतात. इथे तो पावसाळा गाडीच्या बोकांडी बसला.

वजनाचा हिशेब काकांच्या वहीतच मांडला. गाडी सामानासकट साडेअकराशे किलो. नाकावर पंचाहत्तर, बाकी दोन चाकांवर, म्हणजे चाकामागे सुमारे ५४० किलो. टायरमधली हवा ४० पीएसआय, म्हणजे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे २.८ किलो भार. भिजलेल्या भरावाला हा फार झाला. त्याखाली चाळीस बाय चाळीसची जाड पाटी असती तर तोच भार सुमारे ०.३४ किलोवर आला असता. आणि नाकाकडचं चाक? पंचाहत्तर किलोच, पण चाक भरीव रबराचं, पाच सेंटिमीटर रुंद, जमिनीला टेकणारा भाग आगपेटीएवढा. तिथे दर चौरस सेंटिमीटरला पावणेचार किलो पडतात. सगळ्यात हलकं काम करणारं चाक सगळ्यात जास्त का रुतलं, याचं काकांना नवल वाटत होतं. ते आकडे बघून गेलं.

आडव्या लेव्हलसाठी घातलेली ती एक फळी चाकाखाली लांबीत होती, टायरइतकीच रुंद. उंचीचं काम तिने केलं, भार पसरवण्याचं नाही. फळी भरावात सरळ खाली गेली आणि चाकाला कड्यासारखी मातीची भिंत तयार झाली.

पुढे दोन मार्ग होते. आहे तिथेच पाट्या घालून पुन्हा उचलायचं, किंवा वरच्या तिरक्या जागेवर जायचं. मुलाचं मत पहिल्याकडे होतं, कारण वीज आणि पाणी तिथे आणलेलं होतं. माझं मत ठाम होतं: अजून अख्खा जुलै-ऑगस्ट बाकी आहे, भराव बसतच राहणार, आणि अर्धी गाडी मुरमावर नि अर्धी भरावावर असेल तर तो बसण्यातला फरक प्रत्येक पावसानंतर पुन्हा दिसणार. तिरकी पण पक्की जमीन एकदा सरळ केली की पुरते. वीस मीटर केबल वाढवणं त्यामानाने किरकोळ.

गाडी बाहेर काढताना आधी चारही टेकू पूर्ण वर घेतले. ही गोष्ट घाईत विसरली तर टेकू वाकतात आणि ते परवडत नाही. रुतलेल्या चाकापुढे खोऱ्याने उतार काढला, त्यात खडी आणि वर सेंट्रिंगच्या फळ्या टाकल्या. वाडीच्या जीपने हळू ओढली. जॅक लावायचा विचारही केला नाही, भरावात जॅक चाकाआधी आत गेला असता.

आंब्याखालच्या जागेत नळी लावली तर आडवा फरक अकरा सेंटिमीटर. तीन अंशांच्या वर. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या रॅम्पची उंची साधारण दहापर्यंत असते, आणि ओल्या गवतावर पूर्ण उंचीच्या रॅम्पच्या टोकावर चाक ठेवणं मला पसंत नाही. रॅम्प घसरतो. चाक रॅम्पच्या सपाट माथ्यावर पूर्ण बसलं पाहिजे, अर्धं लोंबकळता कामा नये, नाहीतर टायरच्या बाजूला मार बसतो. गाडी वळवून नाक डोंगराकडे करायचाही विचार केला; तेव्हा कल लांबीत येतो आणि नाक खाली घेऊन भागतं. पण मग दार आंब्याच्या बुंध्याकडे उघडत होतं.

तोडगा मेस्त्रींनी काढला. त्यांनी दोन क्षण बघितलं आणि म्हणाले, ‘साहेब, खालचं चाक वर कशाला उचलता? वरचं खाली घ्या की.’

भाड्याच्या कॅम्पसाइटवर हे करता येत नाही, तिथली हिरवळ मालकाची असते. इथे जागा घरची. डोंगराकडच्या चाकासाठी मुरमात सहा सेंटिमीटर खोल, दोन फूट रुंद चर खणली, गाडी आत शिरावी म्हणून दोन्ही टोकांना सौम्य उतार दिला आणि पाणी साचू नये म्हणून खाडीच्या बाजूला बोटभर नाली काढली. तळाला मुरूमच लागला, पहार टणकन वाजली. खाडीकडच्या चाकाखाली धुम्मस मारून जमीन ठोकली, चाळीस सेंटिमीटर रुंद फळ्यांचा थर आणि वर चेकर्ड प्लेट असे पाच सेंटिमीटर चढवले. नाकाकडच्या चाकाखाली वेगळी प्लेट. टेकूंच्या चारही पायांखाली पेव्हर ब्लॉक.

गाडी पहिल्या झटक्यात बसली नाही. जीपवाला चर चुकवून दोनदा कडेवर चढला आणि तिसऱ्यांदा काकांनी स्वतः पुढे उभं राहून हात दाखवले. उट्या लावल्या, जोड सोडला, नाक वर-खाली करून बुडबुडा आणला. आडव्या दिशेला तो मी मुद्दाम रेषेच्या किंचित बाहेर ठेवला, शॉवरच्या जाळीच्या विरुद्ध बाजूला, अर्ध्या अंशाहून कमी. फ्रिजला त्याचं काही वाटत नाही, शॉवरचं पाणी जातं, आणि छतावरचं पावसाचं पाणी झरोक्याभोवती डबकं करून बसत नाही. ठाण्याच्या पावसात अगदी तंतोतंत सपाट छत हा गुण नाही. काकूंनी मात्र विचारून घेतलं की झोपताना डोकं कुठल्या बाजूला येणार. वरच्या बाजूला येतं, ते तपासलं.

फ्रिज रात्रभर बंदच ठेवला, आतले द्रव आपापल्या जागी यावेत म्हणून. सकाळी विजेवर लावला. या फ्रिजला पूर्ण गार व्हायला आठ-दहा तास सहज लागतात आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीस-पंचवीस अंशांनीच खाली जातो, हे आधीच सांगून ठेवलं. नाहीतर दुपारी पुन्हा फोन आला असता. संध्याकाळी आत दूध ठेवण्याइतका गारवा आला. बर्फाला मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो अशी काकूंची तक्रार राहिली आहे. कललेल्या अवस्थेत हीटर काही दिवस चालू राहिला होता, त्याची ती किंमत असावी. त्यावर इलाज म्हणजे मागचं अख्खं युनिट बदलणं, आणि तेवढी गरज आज नाही.

दोन्ही चाकांजवळ लोखंडी गजाच्या खुंट्या ठोकून चासीच्या उंचीला रंगाची रेघ मारली आहे. जुलैतल्या मुसळधार आठवड्यानंतर काकांनी मोजून वहीत लिहिलं: डोंगराकडे फरक नाही, खाडीकडे चार मिलिमीटर. खालच्या भरावात, गाडी होती त्या जागी, आता दोन खड्डे पाण्याने भरलेले आहेत आणि त्यांच्या कडा अजून ढासळत आहेत. गणपतीत मंडळी तिथे जातील तेव्हा पुन्हा नळी लावायची ठरलं आहे. खाडीकडे बोटभर फरक आला तर त्या चाकाखाली एक फळी वाढेल, बाकी काही हलवायचं नाही.